फरशीवर मेथी उगवत नाही

आमच्या लातूर-नांदेडकडं घर बांधलं की शेवटचं काम ठरलेलं. उरलेल्या अंगणावर फरशी, नाहीतर पेव्हर ब्लॉक. कारणं दोन. एक, माती घरात येते. दोन, "इथं प्यायला पाणी नाही, झाडं कशाला?"

पहिलं कारण खरं आहे. झाडायचं काम बहुतेक आईच्याच वाट्याला येतं. पण त्यावर उपाय सिमेंट नाही राव, घरातल्या पुरुषांनी झाडू उचलणं हा आहे.

माझं खरं भांडण दुसऱ्या कारणाशी आहे. पाण्याचं दुखणं लातूरकराला कुणी शिकवू नये. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण आटलं होतं आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या फेरीत १० वाघिणी, ५ लाख लिटर. पण ज्या जिल्ह्यात वर्षभर शेतात उभा राहणारा ऊस चालतो, तिथं परसातला हातभर मेथीचा वाफा पाण्याचा चोर कसा काय ठरतो?

हिशोब साधा आहे. चार-पाच माणसांच्या घरात तांदूळ, डाळ आणि भाज्या धुतलेलं पाणी रोज बादलीभर तरी निघतं. ना साबण, ना खरकटं. ते मोरीत न ओतता वाफ्यात ओता, बस्स. मेथी महिन्याभरात हाताशी येते. शेवगा एकदा रुजला की फार पाणी मागत नाही. घोळ आणि तांदुळजा तर पेरावेही लागत नाहीत, मोकळी माती दिसली की हजर! मे महिन्यात मेथी करपते, मान्य. तेव्हा शेवग्याचा पाला असतोच की.

मी गावी गेलो की रविवारचा नाश्ता माझ्याकडं. परसातला पाला बारीक चिरायचा, त्यात ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, तीळ, ओवा, लसूण-मिरचीचा ठेचा. ताकात मळून ओल्या फडक्यावर थापायचं, मधे भोकं पाडायची, की तव्यावर. गरम धपाटं, वर दही. आणि पुण्यात माझे मित्र याच शेवग्याच्या पाल्याची पावडर 'मोरिंगा' म्हणून डबीतून विकत घेतात. दारातलं झाड तोडायचं, त्यावर फरशी घालायची आणि मग डबी आणायची. याला प्रगती म्हणायचं?

शिवाय फरशीवर पडलेला पाऊस सरळ गटारात जातो, आणि आपण बोअर आटलं म्हणून रडतो.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे आमच्या घरीही दिवाळीआधी अंगण पक्कं करायचं घाटतंय. बाबा, गाडी लावायला पाहिजे तेवढी फरशी घाला. पण मोरीजवळची माती आणि शेवगा राहू द्या. मी येईन तेव्हा अंगण मी झाडीन, हे लेखी देतो.