चौथा ट्रान्झिस्टर

देवपुरातल्या माझ्या एका मित्राने हॅम रेडिओचा सेट घरीच जोडला. डिझाइन हैदराबादच्या अशर फरहान यांचं, ‘बिटएक्स’. लायसन्सही काढलं. पण आउटपुटचा आयआरएफ५१० लागोपाठ तीनदा उडाला. दरवेळी एकच उपाय : जुना काढ, नवा लाव.

चौथ्या वेळी मात्र तो थांबला. गच्चीवर जाऊन पाहिलं, तर अँटेनाचा जोडच सुटलेला. पहिला त्यातच गेला असणार. मग पुढचे दोन? हा ट्रान्झिस्टर चालू व्हायला लागणारं गेट-व्होल्टेज नगागणिक बदलतं, २ ते ४ व्होल्ट. जुन्यासाठी फिरवलेला बायसचा प्रीसेट तसाच ठेवला, तर नव्यात करंट बेफाम वाढू शकतो. मग त्याने प्रीसेट शून्यावर आणला, अँटेनाऐवजी ५० ओहमचा डमी लोड लावला आणि अ‍ॅमीटर बघत बायस हळूहळू वाढवला. चौथा आजही शाबूत आहे.

आपल्या प्रॅक्टिकलला मात्र रीडिंग ‘बरोबर’ आलं तरच मार्क. म्हणून आपण ते शेजारच्याच्या जर्नलमधून उतरवतो. बिघाड कसा शोधला, हे कुणी विचारतच नाही. सर, मॅडम, विचारा ना! जळालेल्या ट्रान्झिस्टरलाही दोन मार्क असू द्या.