बोलेल की हळूहळू!

पेढीवरील थकबाकीचा तगादा आपण वेळेवर लावतो. मात्र दोन वर्षांचे मूल हाकेला वळत नाही, बोटाने काही दाखवीत नाही, तेव्हा ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून घर थांबते. कित्येकदा खरी धास्ती थोरल्या भावंडांच्या सोयरिकीची असते! स्वमग्नता औषधाने जात नाही. परंतु मेंदू घडत असतानाच वाचोपचार व व्यवसायोपचार मिळाल्यास पुष्कळ मुले आपली तहान-भूक शब्दाने वा खुणेने सांगू लागतात. १८व्या व २४व्या महिन्यात तपासणी करावी. शंका येताच उपचार सुरू करावेत, निदानाच्या कागदासाठी अडू नये. जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात ते विनामूल्य असतात. पुढे अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यावर ‘निरामय’ विमा १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देतो. आणि आजीने दुधाची वाटी पुढे करण्याआधी क्षणभर थांबावे. नातवाला ती मागू द्यावी.