मोर्चा आपला, मग त्याचा फोटो कोणाकडे?

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत रेल्वे स्थानकासमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि पोलीस भीमवस्त्यांत घुसले. महिलांना झालेली मारहाण आणि गाड्यांची तोडफोड लोकांना कळली ती व्हिडिओंमुळे. कायद्याचे विद्यार्थी शहीद सोमनाथ सूर्यवंशी यांना चित्रीकरण करत असताना पोलिसांनी उचलले, असे त्यांच्या कुटुंबीयांचे म्हणणे आहे. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्यांचा मृत्यू झाला. पुढे ४ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचे आदेश दिले आणि राज्य सरकारचे अपील सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले.

आमचा हिंगोली जिल्हा १९९९ पर्यंत परभणीचाच भाग होता. आखाडा बाळापुरातल्या घराघरांची सोयरीक तिकडे आहे. त्यामुळे परभणीचा प्रश्न आमच्या उंबऱ्यापर्यंत येतो. तो असा : मोर्चा आपण काढतो, घोषणा आपण देतो, मग त्याची नोंद कोण ठेवतो?

मराठवाड्याचा अनुभव कडू आहे. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठ नामांतराचा ठराव झाला आणि गावोगावी आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या. पोचिराम कांबळे शहीद झाले. त्यानंतर १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत सोळा वर्षे लोक रस्त्यावर होते. पण त्या काळातला मोर्चाचा एखादा फोटो आमच्या भागातल्या घरांत शोधा, क्वचितच सापडेल. कॅमेरा परवडत नव्हता. ज्यांच्याकडे होता, त्यांना आपण दिसत नव्हतो. उरली ती फिर्याद, पंचनामा आणि आरोपींची यादी.

नोंद दुसऱ्याच्या हाती राहिली की काय होते, हे रमाबाई नगरने शिकवले. ११ जुलै १९९७ रोजी पोलीस गोळीबारात दहा जण मारले गेले. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असे सांगण्यात आले. गुंडेवार आयोगाने तो दावा फेटाळला. आनंद पटवर्धन यांचा २०११ चा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट याच घटनेपासून सुरू होतो. चौदा वर्षे चित्रीकरण चालले. त्यात पुरावा आहेच, पण वस्तीतले शाहीर, त्यांची गाणी आणि गोळीबारानंतर आत्महत्या केलेले विलास घोगरेही आहेत. मरण आणि गाणे एकाच नोंदीत आल्यामुळे तो माहितीपट आजही अंगावर येतो.

आमचा मुद्दा इथेच आहे. आपला मोर्चा ही लोकांनी मिळून केलेली कला आहे. पुठ्ठ्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिलेली मागणी, पांढऱ्या साडीतल्या उपासिकांची रांग, निळे झेंडे, हलगी, जागेवर जुळवलेली घोषणा, हे सगळे कोणा एकाचे नसते आणि संध्याकाळपर्यंत संपूनही जाते. आपण मात्र फोटो काढतो ते व्यासपीठाचे, हार घालणाऱ्या नेत्याचे आणि स्वतःचे. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांना वर्षानुवर्षे कॅमेऱ्यात टिपले, त्यांची घाणीतली मेहनत शहराला पाहायला लावली. कोणाकडे पाहायचे, हे आधी ठरवावे लागते.

पण कॅमेरा दुधारी आहे. आपणच उत्साहाने टाकलेल्या फोटोवरून पोरांची ओळख पटते आणि उद्या गुन्ह्यात नाव येते. म्हणून लहान मुले, नोकरीतले कार्यकर्ते आणि तणावाच्या क्षणी समोर असलेले तरुण यांचे चेहरे सार्वजनिक करू नयेत. पाठमोरी रांग, हात, फलक, पावले यांतूनही मोर्चा पूर्ण दिसतो. जवळून फोटो घ्यायचा तर आधी विचारावे.

जपण्याची शिस्तही हवी. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबला जातो आणि त्यातली वेळ-ठिकाणाची माहिती निघून जाते. त्यामुळे मूळ फाईल, काहीही न कापता, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाईलचे हॅश मूल्य द्यावे लागते. हे मूल्य म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसाच. एक ठिपका बदलला तरी तो बदलतो. शिवाय प्रत्येक फोटोखाली तारीख, गाव, चौक, मागणी आणि घोषणा लिहावी. ओळ नसलेला फोटो दहा वर्षांनी मुका होतो.

याला निधी लागत नाही. प्रत्येक विहारात दोन तरुण-तरुणींनी ही जबाबदारी घ्यावी, एक हार्ड डिस्क ठेवावी आणि वर्षातून एकदा निवडक फोटोंचे प्रदर्शन विहाराच्या भिंतीवरच लावावे. ज्या आजीने फलक धरला होता, तिला तो तिथे पाहता यावा. बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढला, कारण आपली बाजू दुसरा कोणी मांडणार नव्हता. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. शहीद सोमनाथ यांच्यानंतर तो कशासाठी काढायचा, हे तरी आपण ठरवूया.

जय भीम!