घामाचे मोल आणि पदवीचे मोल

दहिसर नदीकाठच्या रहिवाशांस २६ जुलै २००५ या दिवसाची आठवण करून द्यावी लागत नाही. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, आणि तुळशी तलावाकडून डोंगर उतरून येणारी ही एरवीची निमूट नदी लोकांच्या घरांत शिरली. पाणी ओसरल्यावर जे दिवस आले त्यांत आमच्यासारख्या वकिलाची आठवण कोणास झाली नाही. आठवण झाली ती फावडे, घमेले आणि खराटा हाती धरणाऱ्याची. त्याने गाळ उपसला, कुजलेला माल हलविला, गटारे मोकळी केली, तेव्हा कोठे दुकानांच्या फळ्या पुन्हा उघडल्या. या माणसास त्याच्या कामाबद्दल काय मिळते आणि महाविद्यालयाची पदवी घेऊन खुर्चीवर बसणाऱ्यास काय मिळते, ही तुलना आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहो.

अंगमेहनत करणाऱ्यास पदवीधराच्या तोडीचे वेतन असावे काय, असा प्रश्न काढताच आमच्या सुशिक्षित मंडळींतून तीन आक्षेप येतात. मग मुलांनी शिकावे कशासाठी, हा पहिला. ज्याची टंचाई त्याचा भाव चढा, हा बाजाराचा नियम कोणास मोडता यावयाचा, हा दुसरा. आणि डोक्यावर जबाबदारी अधिक त्यास दाम अधिक, हा तिसरा. हे आक्षेप दुष्टबुद्धीचे नाहीत. चांगली संसारी माणसे ते प्रामाणिकपणे घेतात, म्हणून त्यांस उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे.

शिक्षणास खर्च येतो हे आम्हांस पूर्ण मान्य आहे. आईबापांचे दागिने गहाण पडतात, तरुणाची कमाईची चारदोन वर्षे जातात. त्याची भरपाई त्याच्या वेतनातून झालीच पाहिजे. परंतु भरपाई म्हणजे जन्मभराची जहागीर नव्हे. शिवाय या खर्चाचा मोठा वाटा सरकारी तिजोरीतून जातो, आणि त्या तिजोरीत साबणाच्या वडीवर व बिस्किटाच्या पुड्यावर कर भरणाऱ्या मजुराचा पैसाही असतो. दुसरे असे की, पदवीधराने भांडवल घातले ते बुद्धीत, मजुराने घातले ते देहात. पदवीधराचे ज्ञान पन्नाशीत पिकते. हमालाची पाठ पन्नाशीत मोडते. झिजणाऱ्या यंत्रासाठी दरवर्षी रक्कम बाजूस काढून ठेवणारा आमचा व्यापारी, झिजणाऱ्या मनुष्याच्या हिशेबात मात्र ते सदर कोरे ठेवतो, हे जमाखर्चाच्या शास्त्रासही धरून नाही.

आता बाजाराचा नियम पाहू. बाजाराच्या शास्त्राचा आद्य आचार्य ॲडम स्मिथ याने १७७६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात वेतनांतील फरकाची जी कारणे दिली आहेत, त्यांत काम किती कष्टाचे व किळसवाणे आहे हे एक मुख्य कारण सांगितले आहे. काम जितके ओंगळ व धोक्याचे, तितके वेतन अधिक, असा मोकळ्या बाजाराचा स्वभाव त्याने वर्णिला. मग आमच्या देशात गटारात उतरणाऱ्यास सर्वांत अधिक वेतन का मिळत नाही? कारण उघड आहे. येथे बाजार मोकळा कधी नव्हताच. ते काम कोणी करावयाचे हे जन्माने ठरलेले होते, आणि ज्यास दुसरे काम मिळण्याची वाटच बंद, तो भाव कसा ठरविणार? जातिभेद ही नुसती श्रमांची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली दाखवून दिले. ज्या तराजूची दांडीच वाकडी आहे त्याच्या वजनास सृष्टिनियम म्हणणे, हे निदान व्यापाऱ्यांनी तरी करू नये.

राहिली जबाबदारी. दहिसर पूर्वेहून निघणाऱ्या मेट्रोच्या दोन्ही मार्गिका एप्रिल २०२२ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या. त्यांचा नकाशा अभियंत्यांनी काढला. त्यांच्या गणितात चूक होती तर हजारोंचे प्राण धोक्यात येते, म्हणून त्यांस अधिक वेतन असणे योग्यच होय. परंतु उंचावर चढून लोखंड बांधणाऱ्याचा पाय चुकला तर त्याची किंमत तो स्वतःच्या प्राणाने देतो. दुसऱ्याच्या जिवाची काळजी वाहणे ही जबाबदारी आणि स्वतःचा जीव पणास लावणे ही मात्र सामान्य मजुरी, हा न्याय आम्हांस समजत नाही.

येथे कोणी विचारील की, मग तुम्ही सर्वांस सारखेच वेतन मागता काय? असा प्रयोग झालेला आहे. १९०४ साली जोहान्सबर्गहून दरबानला जाताना आगगाडीत गांधीजींनी रस्किनचे पुस्तक वाचले, आणि वकिलाच्या कामाचे मोल न्हाव्याच्या कामाइतकेच, हा बोध त्यातून घेतला. त्यानंतर फिनिक्स येथे वसाहत काढून तेथील प्रत्येकास महिना तीन पौंड असे सरसकट वेतन ठरविले. महात्म्याच्या आश्रमास जे साधले ते दहा व्यवहारांच्या शहरास उद्या साधेल असे आम्ही म्हणत नाही. आमचे मागणे मर्यादित आहे. फरक असावा, पण त्यास खाली तळ असावा आणि वर छत असावे.

तळ कोणता, हे ठरविण्यास नवी समिती नको. ज्या १९५७ साली दहिसर बृहन्मुंबईच्या हद्दीत आले, त्याच वर्षी भारतीय श्रम परिषदेच्या पंधराव्या अधिवेशनाने किमान वेतनाचे माप ठरवून दिले. कमावत्याच्या कुटुंबाची तीन माणशी गरज धरावी, प्रत्येकी २,७०० कॅलरींचे अन्न, कुटुंबास वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, शिवाय जळण व दिवाबत्ती. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण व लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्क्यांची भर घातली. वाचकांनी ध्यानात घ्यावे की, या मापात पदवीचा उल्लेख कोठेही नाही. भूक, थंडी आणि पोराची शाळा ही पदवी विचारून येत नाहीत. आणि किमान वेतनाहून कमी देऊन काम करवून घेणे ही घटनेने निषिद्ध केलेली वेठबिगारी होय, असा निर्णय त्याच न्यायालयाने १९८२ साली दिलेला आहे.

छताचे मापही सरकारनेच घालून दिले आहे. १ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या सातव्या वेतन आयोगाने केंद्राच्या सेवेतील सर्वांत खालच्या नोकराचे मूळ वेतन १८,००० रुपये ठरविले, आणि पहिल्या वर्गात नव्याने येणाऱ्या पदवीधर अधिकाऱ्याचे ५६,१०० रुपये. म्हणजे फरक तिपटीहून किंचित अधिक. या तफावतीने पदवीधरांनी सरकारी सेवेकडे पाठ फिरविली काय? उलट एका जागेसाठी शेकडो अर्ज येतात. तेव्हा तिपटीच्या फरकाने विद्येचा लोप होईल ही भीती व्यर्थ आहे.

खरा अन्याय पदवीधर व मजूर यांच्यामध्ये जितका आहे, त्याहून अधिक तो कायम मजूर व कंत्राटी मजूर यांच्यामध्ये आहे. झाडू तोच, रस्ता तोच, कचरा तोच; परंतु एकाचे नाव हजेरीपटावर म्हणून त्यास भविष्यनिर्वाहनिधी, रजा व निवृत्तिवेतन, आणि दुसऱ्याचे नाव कंत्राटदाराच्या वहीत म्हणून त्यास रोजंदारी. मुंबई महानगरपालिकेच्या सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांस कायम करण्याचा औद्योगिक न्यायाधिकरणाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली उचलून धरला. त्याच्या आदल्या वर्षी, तात्पुरत्या सरकारी नोकराने कायम नोकराचे काम केल्यास त्यास त्या श्रेणीतील किमान वेतन दिले पाहिजे, असेही त्याच न्यायालयाने सांगितले. कायदा स्पष्ट आहे. परंतु प्रत्येक सफाईवाल्याने दिल्लीपर्यंत दावा लढवावा अशी अपेक्षा करणे म्हणजे न्याय नाकारण्याचाच एक सभ्य प्रकार होय.

महाराष्ट्राने या कामी पूर्वी पुढाकार घेतलेला आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या वतीने साप्ताहिक सुटी, दुपारची विश्रांती, पगाराची ठरलेली तारीख व अपघाताची भरपाई मागितली, तेव्हा गिरण्या बुडतील अशी ओरड झाली. १८९० साली रविवारची सुटी मिळाली. गिरण्या बुडाल्या नाहीत. पुढे अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा झाला. मालकाने मजुरी व तिजवरील आकार मंडळात भरावा आणि मंडळाने मजुरास वेतन, बोनस, निर्वाहनिधी व उपदान द्यावे, ही त्याची रचना. माथाडीच्या नावाखाली कोणी खंडणी मागतो अशी आमच्या व्यापारी बंधूंची तक्रार असते, आणि जेथे ती खरी असेल तेथे पोलिसांनी कठोर व्हावे. परंतु गव्हात खडे निघाले म्हणून कोणी गहू टाकून देत नाही. पाठीवर पोते वाहणारा माणूस एका पिढीत आपली मुले महाविद्यालयात पाठवू शकतो, हे या कायद्याने दाखविले.

आता दहिसरकरांस आमचे सांगणे. सरकारास दोष देणे सोपे आहे; परंतु पहारेकरी, सफाईवाला व टाकी उपसणारा यांचा मालक पुष्कळदा आपण स्वतःच असतो. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत सर्वांत कमी रकमेचे कंत्राट टाळ्यांच्या गजरात मंजूर होते, आणि ती रक्कम कोणाच्या ताटातून कमी झाली हे कोणी विचारीत नाही. पुढील सभेत तीन ठराव मांडावे. कंत्राट देण्यापूर्वी प्रत्येक मजुरास हाती किती पडणार व त्याचा निर्वाहनिधी भरला जातो की नाही, याचा लेखी आकडा मागावा. आठवड्याची भरपगारी सुटी करारात घालावी. आणि मैल्याच्या टाकीत माणूस उतरवावयाचा नाही, यंत्रच आणावयाचे, असा नियम करावा. संरक्षक साधनांवाचून माणसास अशा टाकीत उतरविणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. मेलेल्या मजुराचे मोल न्यायालयाने वाढविले; जिवंत मजुराचे मोल वाढविणे आपल्या हाती आहे.

महिन्यास प्रत्येक बिऱ्हाडामागे चार पैसे अधिक पडतील, हे खरे. परंतु ज्या स्वराज्यात विद्वानाचा मान टिकविण्यासाठी श्रमिकाला उपाशी ठेवावे लागते, त्यातील विद्वत्तेचा पाया कच्चा समजावा. पदवीधराचे वेतन कमी करा असे आम्ही म्हणत नाही. मजुराचे इतके वाढवा की त्याच्या मुलीस पदवी घेणे शक्य व्हावे, आणि ती न घेतल्यास मानाने जगणेही शक्य व्हावे.