मणक्यातली सुई : भीतीही नको, भाबडेपणाही नको

साठीनंतर कणा एका बाजूला कलू लागला आणि कळ मांडीतून पोटरीत उतरली, की रुग्णाला सल्ला मिळतो, "मणक्यात स्टेरॉइड घेऊ नका, कायमचे अधू व्हाल." या पूर्वपक्षाला आधार नाही असं नाही. २०१४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ४०० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. मणक्यातली पोकळी अरुंद झालेल्या या रुग्णांपैकी काहींना नुसतं बधिरतेचं औषध दिलं, काहींना त्यासोबत स्टेरॉइड. सहा आठवड्यांनंतर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक उरला नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियामकाने दृष्टी जाणं, पक्षाघात अशा विरळ पण गंभीर धोक्यांचा इशारा दिला.

हे सगळं मान्य. पण यावरून ही सुई सर्वांनाच निरुपयोगी ठरत नाही. झिजेमुळे वाकलेल्या कण्यात आतल्या, म्हणजे अंतर्वक्र बाजूला मणके एकमेकांजवळ येतात आणि नस बाहेर पडते ते छिद्र आवळतं. तिथे एकच नस चिमटली असेल, भोवती सूज असेल आणि दुखणं त्याच नसेच्या वाटेनं उतरत असेल, तर नेमक्या जागी दिलेलं इंजेक्शन काही आठवडे, कधी काही महिने उसंत देऊ शकतं. दुखणारी नस हीच का, याचा अंदाजही त्यातून येतो. रात्री कूस बदलता न येणाऱ्या माणसाला ही उसंत फार मोठी असते. पायाची, पाठीची ताकद वाढवणारे व्यायाम त्याच काळात सुरू होऊ शकतात. ते न करता उसंत वाया घालवली, तर दोष सुईचा कसा?

माझा खरा राग दुसऱ्या टोकावर आहे. नुसत्या कंबरदुखीला, एमआरआयवर बोट ठेवून, "तीन इंजेक्शनांचा कोर्स" गळ्यात मारणं हा अन्याय आहे. पहिल्याचा गुण न पाहता दुसरं ठरवायचंच कशाला? स्टेरॉइड वाक सरळ करत नाही, छिद्रही रुंद करत नाही. मधुमेह्याची साखर त्यानंतर काही दिवस चढू शकते, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते सुईआधीच डॉक्टरांना कळायला हवं. कोणती नस, कोणत्या बाजूची, आणि गुण आला नाही तर पुढे काय, हे विचारणाऱ्या रुग्णाला उद्धट समजू नये.

आणि पाऊल लुळं पडू लागलं, लघवी अडली किंवा बसण्याची जागा बधिर झाली, तर इंजेक्शनच्या तारखेची वाट पाहू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.