विकतचं भूत नको, घरातलं सोंग चालेल



मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी आमच्या वर्गाच्या पालक ग्रुपवर एका पालकाने फोटो टाकला. त्यांच्या भाच्याच्या शहरातल्या इंग्रजी शाळेत 'हॅलोविन डे' साजरा झाला होता. अंगात काळा झगा, तोंडावर प्लॅस्टिकची कवटी आणि हातात लाइट लागणारा भोपळा, असा भाचा ऐटीत उभा होता. फोटोखाली लिहिलेलं, "मॅडम, आपल्या शाळेत असं काही का नसतं?" पाच मिनिटांत दुसऱ्या पालकाचं उत्तर आलं, "ही आपली संस्कृती नाही. लेकरांना भुताखेतांचे सण शिकवू नका." मग काय, रात्री अकरापर्यंत ग्रुपवर नुसती जुंपली होती.

त्या गोंधळात एका वडिलांनी मधेच विचारलं, "तो ड्रेस केवढ्याला आला?" उत्तर आलं, "ऑनलाइन साडेसहाशे." त्यानंतर ते वडील काहीच बोलले नाहीत.

सण आपला की परका यावर सगळे भांडत होते. मला मात्र त्या वडिलांचाच प्रश्न खरा वाटला. लेकरांनी नटावं, सोंग घ्यावं, घर-वर्ग सजवावा, अगदी भूतसुद्धा व्हावं, याला माझी हरकत नाही. पण त्यासाठी दुकानात जावं लागत असेल तर तो कार्यक्रम शाळेने घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते सांगते.

आधी माझीच चूक

काही वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनात मी वेशभूषा स्पर्धा ठेवली होती. एका ओळीची सूचना दिली, "आवडत्या व्यक्तीची वेशभूषा करून यावे." स्पर्धेच्या दिवशी तीन शिवाजी महाराज, दोन झाशीच्या राण्या, एक डॉक्टर आणि एक पोलीस आले. बहुतेक पोशाख तालुक्याहून भाड्याने आणलेले. ज्याचा जिरेटोप आणि तलवार सगळ्यात झकास, त्याला पहिला नंबर मिळाला. त्या मुलाने केलं काय, तर स्टेजवर येऊन उभा राहिला. म्हणजे आम्ही बक्षीस दिलं ते कपड्यांना.

त्या दिवशी वर्गातली बरीच मुलं गैरहजर होती. तिसरीतली एक मुलगी, जी एरवी पावसातही शाळा बुडवत नाही, तीसुद्धा आली नाही. आठवडी बाजारात तिची आई भेटली. मी विचारलं, "काहून आली नाही ती?" आधी म्हणाली, ताप होता. मग थोडं थांबून म्हणाली, "मॅडम, खरं सांगू का? ड्रेसचं भाडं अडीचशे अन् डिपॉझिट वेगळं. कापूस येचायचा रोज काय पडतो तुमाला ठाऊकच हाय. लेकरूच म्हनलं, मी बिमार हाय म्हून सांग."

आठ वर्षांच्या लेकराने आईची अडचण ओळखून स्वतःच आजारी पडायचं ठरवलं. आणि हे तिला करावं लागलं माझ्या एका ओळीच्या सूचनेमुळे. तेव्हापासून कोणताही कार्यक्रम ठरवताना मी स्वतःला आधी विचारते, यामुळे कोण घरी राहील?

हॅलोविन मुळात विकतचा नव्हताच

आता हॅलोविनबद्दल. ३१ ऑक्टोबरचा हा सण मूळचा आयर्लंड-स्कॉटलंडकडचा. सुगी संपून हिवाळा लागायच्या वेळी तिथे 'साविन' नावाचा जुना सण असे आणि त्या रात्री मेलेल्यांचे आत्मे घराकडे फिरकतात अशी समजूत होती. पुढे १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबरचा मृतात्म्यांचा असे ख्रिस्ती दिवस त्याला लागून आले. आपण सर्वपित्री अमावस्येला पितरांसाठी पान वाढतो, कावळ्याची वाट पाहतो. त्यामुळे ही कल्पना आपल्याला फार परकी वाटायचं कारण नाही.

स्कॉटलंडमधली मुलं जुनेपुराणे कपडे घालून, तोंडाला काजळी फासून दारोदार जात. पण नुसता हात पुढे करत नसत. गाणं म्हणायचं, कोडं घालायचं, काहीतरी करून दाखवायचं, मगच फळं नाहीतर दाणे मिळायचे. कंदील असायचा तो शेतातला सलगम पोखरून केलेला. आयरिश लोक अमेरिकेत गेले, तिथे त्यांना मोठा आणि पोखरायला सोपा भोपळा मिळाला, म्हणून भोपळा आला. तयार पोशाखांचा मोठा धंदा विसाव्या शतकातला.

आणि आजही तिकडे कितीतरी लोक हॅलोविनच्या आधी जुन्या कपड्यांच्या दुकानांत फिरतात. 'गुडविल' ही १९०२ साली बॉस्टनमध्ये सुरू झालेली संस्था लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू विकते आणि त्या पैशातून गरजूंना कामाचं शिक्षण देते. अशा दुकानांतून कुणाचा जुना कोट, कुणाची हॅट, कुणाचा पडदा आणून लोक सोंग उभं करतात. आपल्याकडे मात्र या सणाचं नेमकं प्लॅस्टिक तेवढं आलं.

आपली सोंगं काय दुकानातून यायची?

आपल्याला सोंग घेणं नवीन आहे का? पैठण तर आमच्या जिल्ह्याला लागूनच. तिथल्या एकनाथ महाराजांची सोंगी भारुडं आजही गावोगाव होतात. गावातलाच बाप्या आजीचं लुगडं नेसतो, हातात टोपली घेतो आणि दोन मिनिटांत अख्खं गाव हसवतो. बहुरूपी यायचा तो पोलिसाच्या नाहीतर तलाठ्याच्या वेशात, आणि त्याच्या बोलण्यानेच लोक फसायचे. जालना शहरात धुळवडीला हत्ती रिसाला निघतो, शंभर वर्षांहून जुनी परंपरा. त्यात आपल्यातलाच एक माणूस राजा होऊन हत्तीवर बसतो.

नागपूरला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लेकरं नटून, लाकडी बैल घेऊन घरोघर जातात आणि त्यांना खाऊ-पैसे म्हणजे बोजारा मिळतो. त्याच दिवशी मारबतीची मिरवणूक निघते. १८८० च्या दशकापासून ती चालत आली आहे. रोगराई, वाईट चाली, महागाई या सगळ्यांचे पुतळे म्हणजे बडगे करून ते गावाबाहेर नेऊन जाळतात. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आधी पोरं गवत, जुने कागद, कापड घेऊन नरकासुर बनवतात आणि पहाटे जाळतात. भीतीदायक वस्तू बनवायची, तिला मिरवायचं आणि मग तिला संपवायचं, हे आपल्या लेकरांनाही चांगलं ठाऊक आहे.

आणि जुन्या वस्तूची लाज तर जालनेकरांनी बिलकूल बाळगू नये. आमचा जिल्हा सळईसाठी ओळखला जातो. ती सळई होते कशापासून? देशभरातून आलेलं भंगार भट्टीत वितळवून. आपल्या आज्यांनी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या, आयांनी जुने कपडे भांडेवालीला देऊन पातेली घेतली. जुनं ते टाकून द्यायचं, ही सवय आपल्या घरात अलीकडेच आली आहे.

खरं सांगायचं तर आम्ही शिक्षकही यात मागे नाही. डी.एड.ला असताना 'टाकाऊतून टिकाऊ'चं प्रात्यक्षिक आम्ही केलं, तेव्हा थर्माकोल आणि चमकीचा कागद बाजारातून विकत आणला होता! आज आठवलं की हसू येतं.

भूत स्वतः बनवलं की भीती जाते

"पण मॅडम, भूत कशाला? लेकरं घाबरतात." हा प्रश्न मला अनेक आयांनी विचारला, आणि तो बरोबर आहे. आमच्या मुलांच्या डोक्यात भुतं हॅलोविनने घातलेली नाहीत. विहिरीवरची हडळ, पिंपळावरचा मुंजा, शिवारातला चकवा, सगळे आधीपासून मुक्कामाला आहेत. भानामतीच्या अफवा आपल्या मराठवाड्यात किती पसरायच्या ते मोठ्यांना विचारा. २०१३ मध्ये आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. पण कायदा भोंदूबाबाला धरेल, लेकराच्या मनातली भीती कोण काढणार?

आमच्या वर्गातला एक मुलगा शाळेमागच्या चिंचेखालून एकटा जात नसे. एका शनिवारी मी मुलांना भूत बनवायला लावलं. काठीला काठी आडवी बांधली, वर फुटकं मडकं, त्यावर एक जुनं धोतर. मडक्यावर कोळशाने डोळे त्याच मुलाने काढले. संध्याकाळच्या उजेडात ते खरंच भयानक दिसत होतं. मग धोतर ओढून घ्यायलाही मी त्यालाच सांगितलं. आत काय, दोन काठ्या! सगळा वर्ग खो खो हसला. त्याची भीती त्या एका दिवसात गेली असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या आठवड्यात तो चिंचेखाली चिंचा वेचताना दिसला.

विकतच्या मुखवट्यात हे होत नाही. तो आणला, घातला, दुसऱ्याला घाबरवलं, संपलं. भूत कशाचं बनतं हे कळायला ते आपल्या हातांनीच बांधावं लागतं.

आमच्या वर्गाचे नियम

त्या फसलेल्या स्पर्धेच्या पुढच्या वर्षापासून आम्ही असं करतो. आनंददायी शनिवारी किंवा कार्यानुभवाच्या तासाला सहज घेता येईल.

१. विकत नाही, भाड्याने नाही. सोंग घरातल्या किंवा शेतातल्या वस्तूंतूनच. कापसाची दाढी, मक्याच्या कणसाच्या केसांच्या मिशा, लग्नपत्रिकांचा मुकुट, जुन्या ओढणीचा फेटा. तव्याच्या काजळीत खोबरेल तेल कालवलं की तोंड रंगवायला रंग तयार.

२. खताची, औषधाची किंवा बियाण्याची गोणी अजिबात वापरायची नाही, धुतलेली असली तरी. धान्याचं पोतं चालेल.

३. सजावटीचे कंदील तेलाच्या रिकाम्या डब्याचे. डब्याला खिळ्याने डोळे-तोंडाची भोकं मोठ्यांनी पाडून द्यायची. आतला दिवा मोठ्यांनीच लावायचा आणि सोंगातली लेकरं दिव्यापासून लांब ठेवायची. जुन्या नायलॉनच्या साड्या झटकन पेट घेतात. भोपळा पोखरलाच तर गराचे घारगे झाले पाहिजेत, उकिरड्यावर गेला तर पुढच्या वेळी भोपळा बंद.

४. प्रत्येकाने सोंगाच्या तोंडी किमान चार वाक्यं बोलायची. ती स्वतःच तयार करायची. हाच आमचा भाषेचा तास.

५. कुणाच्या जातीची, व्यंगाची, कामाची टिंगल करायची नाही. लहान मुलांना अंधारात घाबरवायचं नाही.

६. नंबर नाहीत. सगळ्यांना खाऊ सारखा.

एक अडचण उरते

एका सहकारी सरांनी मला विचारलं, "बाई, ज्यांच्या घरी जुनं ते रोजच्याच वापरात आहे, त्यांनी काय आणायचं?" प्रश्न मनाला लागला. खरंच, दोनच फ्रॉक असलेल्या मुलीच्या घरात 'जुनं' असं वेगळं काही नसतं. आणि जुने कपडे घालून या म्हटलं, तर ती रोजच तसे घालते. तिला त्यात मजा काय?

म्हणून आम्ही वर्गात एक पत्र्याची पेटी ठेवली. दिवाळीची साफसफाई निघाली की शिक्षक, पालक, ज्याला जमेल त्याने धुतलेली एखादी वस्तू त्यात टाकायची. कुणी काय टाकलं ते लिहायचं नाही. मग सोंगाच्या दिवशी सगळ्यांनीच, ज्याच्या घरी कपाट भरलेलं आहे त्यानेसुद्धा, पेटीतूनच घ्यायचं. आता पेटीत दोन कोट, एक वकिली काळा झगा, तीन नऊवारी, काच नसलेले चष्मे आणि एक छत्रीचा सांगाडा आहे. त्या सांगाड्यावर सगळ्यांचा डोळा असतो, कारण त्याचं वटवाघूळ फार छान होतं.

अडचणी अजूनही येतात. एक वडील नियम सांगूनही भाड्याचा पोशाख घेऊन आले. लेकराला मी परत पाठवलं नाही, त्यात त्याचा काय दोष? पण अर्ध्या तासाने ते लेकरूच झगा काढून पेटीजवळ येऊन बसलं.

आणि ती तिसरीतली मुलगी? नवीन नियमाच्या पहिल्या वर्षी ती भांडेवाली होऊन आली. डोक्यावर टोपली, टोपलीत घरची तीन पातेली. माझ्याच टेबलापुढे बसली आणि म्हणाली, "बाई, ही साडी इरलेली हाय, हिच्यावर पातेलं नाय मिळायचं, वाटी घ्या." पंधरा मिनिटं तिने घासाघीस केली. मी दोन साड्या आणि एक शर्ट हरले.

पालकहो, थोड्याच दिवसांत घराघरांत माळे उघडतील, ट्रंका खाली उतरतील. दिवाळी झाली की आपल्यातली काही कुटुंबं ऊसतोडीला जातील, त्याआधी लेकरं एकत्र आहेत. भांडेवालीला गाठोडं देण्याआधी त्यातली एक वस्तू धुऊन शाळेच्या पेटीसाठी बाजूला काढा. आणि शिक्षक मित्रांनो, पुढच्या वेशभूषेची सूचना ग्रुपवर टाकण्याआधी फक्त पटाकडे एकदा बघा आणि त्या दिवशी कोण 'आजारी' पडेल ते स्वतःला विचारा.