पेटकरांचे सुवर्ण आणि कष्टकऱ्यांचा हक्क

ऑगस्ट १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे भरलेल्या अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत मुरलीकांत पेटकर यांनी ५० मीटर मुक्त शैलीचे अंतर ३७.३३ सेकंदांत तोडून विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्ण. २०२४ च्या पॅरिस स्पर्धेपर्यंत तेथील जलतरणात भारताला दुसरे सुवर्ण लाभले नाही. तरीही सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरच्या या जवानास पद्मश्री मिळण्यास २०१८ साल उजाडावे लागले. २०२४ मध्ये त्यांच्यावर चित्रपट निघाला आणि जानेवारी २०२५ मध्ये अर्जुन जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या हाती पडला.

हा विलंब लाजिरवाणा खराच. परंतु त्याहून घातक आहे तो या जीवनकथेचा भांडवली वृत्तपत्रांनी लावलेला अर्थ. ते सांगतात की, माणसाला जिद्द असली की पुरे. पेटकरांच्या जिद्दीविषयी वाद नाही. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचे शरीर लुळे पडलेला हा मुष्टियोद्धा १९६८ साली तेल अवीव येथे टेबल टेनिस खेळला आणि चार वर्षांनी पोहण्यात अजिंक्य ठरला. पण तो पाण्यात उतरला तो उपचार म्हणून, सैन्याच्या रुग्णालयाच्या देखरेखीखाली. पुढे पुण्यातील टेल्कोत त्यास नोकरी मिळाली. म्हणजे विनामूल्य उपचार, पोहण्यास तलाव आणि पोटाला काम या तीन आधारांवर ती जिद्द उभी राहिली. यंत्रावर हात गमावलेल्या कंत्राटी कामगारास यांपैकी काय मिळते? त्याच्या अंगी जिद्द कमी असते असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

तंजावरच्या कावेरी खोऱ्याकडे पाहा. तेथील शेतमजुरांची मुले कालव्यांच्या पाण्यातच वाढतात. त्याच जिल्ह्यातील, आता नागपट्टिनम जिल्ह्यात असलेल्या, कीळवेण्मणी येथे २५ डिसेंबर १९६८ रोजी जमीनदारांच्या गुंडांनी ४४ दलितांना, त्यांत बहुतांश स्त्रिया व मुले, जिवंत जाळले. मजुरांचा गुन्हा एवढाच की त्यांनी संघटित होऊन मजुरीवाढ मागितली. जेथे पोटभर मजुरीसाठी प्राण द्यावे लागतात, तेथे मुलाच्या पोहण्याचा वेग घड्याळ लावून कोण मोजणार? गुणांची वाण नाही. वाण आहे ती संधीची.

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा क्रीडाक्षेत्रात त्यांच्या सहभागाची तरतूद करतो. मात्र सार्वजनिक तलाव ठेकेदाराच्या हवाली झाला आणि प्रवेशाचे मोल गरिबाच्या आवाक्याबाहेर गेले, तर ती तरतूद कागदावरच राहते. म्हणून कामगार संघटनांनी, शेतमजूर सभांनी आणि नगरपालिकांतील आपल्या प्रतिनिधींनी तीन मागण्या लावून धरल्या पाहिजेत : सार्वजनिक तलावांचे खासगीकरण थांबवा, कष्टकऱ्यांच्या व अपंगांच्या मुलांना तेथे विनामूल्य प्रशिक्षण द्या, कामावर अपंगत्व आलेल्या प्रत्येकास उपचार आणि रोजगार यांची हमी द्या.

सत्ताधारी वर्ग विजेत्याला हार घालतो, कारण हार स्वस्त असतो. आपला लढा आहे तो हजारोंना पाण्यापर्यंत पोहोचविणाऱ्या वाटेसाठी.